आधी वही, मग मशीन

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारी मी निघालो तेव्हा तू शटर अर्धं ओढून धरलं होतंस आणि विचारलंस, "काका, मी चुकून या धंद्यात आले का हो?" मी म्हणालो, "बघू, बोलू." आणि तासगाव स्टँडकडे चालायला लागलो. सांगलीच्या गाडीत बसल्यावर माझा मलाच राग आला. १९७९ पासून छापखान्यात उभा असलेल्या माणसानं या प्रश्नावर "बघू" म्हणावं? घरी आलो, जेवलो, झोप लागेना. म्हणून हे पत्र. फोनवर मी भलतंच काहीतरी बोलून बसेन, आणि तू "हो काका, हो काका" म्हणून ठेवून देशील.

धीर देणारं यात काही नाही. कष्टाला तू कमी नाहीस, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. तुझे बाबा माझ्याकडे कामाला होते, त्यांची सकाळची तासगाव-सांगली एसटी अकरा वर्षांत कधी चुकली नाही. त्या घरातल्या मुलीला मेहनतीचं महत्त्व मी काय सांगणार?

त्या दिवशी मी सव्वाचारला आलो आणि सहापर्यंत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होतो. तेवढ्या वेळात तू काय काय केलंस ते सांगतो, कारण तुला ते आठवत नसणार. सात-आठ जणांच्या झेरॉक्स काढल्या. एका मुलाचा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरून दिलास, त्यात साइट दोनदा बंद पडली. कुणाच्या तरी मुलाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स डिझाइन करून सांगलीला छापायला पाठवलास, त्यात तुला दीडशे रुपये. एका मगवर नवरा-बायकोचा फोटो चढवलास. रबरी शिक्क्याची एक ऑर्डर घेतलीस. आणि हे सगळं चालू असताना फोनवर एका लग्नपत्रिकेचं प्रूफ सातव्यांदा बदललंस, कारण मुलीच्या धाकट्या मामांचं नाव थोरल्या मामांच्या आधी आलं होतं.

मी विचारलं, "यातल्या कशानं तुला आज पैसे दिले?" तू म्हणालीस, "सगळं मिळून होतं की काका."

पोरी, तुझं दुखणं तिथं आहे. "सगळं मिळून होतं." हे वाक्य मी बारा वर्षं म्हणत होतो. सगळं मिळून होतं म्हणणाऱ्याला रात्री झोप लागत नाही, कारण सगळं मिळून जातं कुठं तेही त्याला कळत नाही. तुझ्या मनात शंका आहेत असं तुला वाटतं. मला वाटतं, तुझ्याकडे न केलेले हिशेब आहेत, आणि ते रात्री अकरा वाजता शंकेचं रूप घेऊन येतात. आपण चुकलो का, आपल्याला जमतं का, शेजारचा पुढं गेला का, या प्रश्नांना विचार करून उत्तर मिळत नाही. वही उघडून मिळतं. म्हणून या पत्रात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येईल. तुला कंटाळा आला तरी येईल.

कामाला पान दे.

माझ्या वडिलांची, अण्णांची, खतावणी बघण्यासारखी होती. लाल बासनात बांधलेली, रोजकीर्द वेगळी, अक्षर मोत्यासारखं. कुणाकडून किती येणं, कागदवाल्याचं किती देणं, सगळं बोटावर. मी १९७९ साली छापखान्यात आलो तेव्हा तीच वही पुढं चालवली. १९९१ साली आमच्या कागदाच्या व्यापाऱ्याचे जुने मुनीम उधारी मागायला आले होते. चहा घेता घेता त्यांनी वही चाळली आणि म्हणाले, "ही सगळी माणसांची खाती झाली. कामांची खाती कुठं आहेत?" मला कळेना. ते म्हणाले, "कोण किती देणं लागतो ते तुम्हाला माहीत आहे. पत्रिका तुम्हाला किती देते, बिलबुक किती देतं, अहवाल किती देतो, ते माहीत आहे का?" नव्हतं. बाहेरच्या पाटीवर मात्र मोठ्या अक्षरांत होतं, 'सर्व प्रकारची छपाई सुबक व वेळेत करून मिळेल'.

दुसऱ्या दिवशी मी दोनशे पानी वही आणली. एक काम, एक पान. वर कामाचं नाव आणि तारीख. खाली माल कितीचा गेला. मग वेळ: खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायला किती, प्रुफाला किती, मशीनवर किती, बांधणीला किती. मग गिऱ्हाईक किती वेळा आलं. मग पैसे कधी आले, एकदम की तुकड्यातुकड्यानं. सगळ्यात खाली हातात राहिले ते. बस्स. यात कसलीही विद्या नाही. अवघड एवढंच, की ते रोज, दुकान बंद करायच्या आधी, थकलेल्या हातानं लिहायचं. घरी जाऊन लिहू म्हटलं की ते राहतं. मी बायकोच्या आजारपणातही दुकानात बसून लिहिलं आणि मग दवाखान्यात गेलो. त्यावरून घरात बोलणी खाल्ली. बरोबरच होती ती बोलणी. पण वही सोडली नाही.

१९९३ सालची दोन पानं तुला जशीच्या तशी सांगतो. पहिलं, ३०० लग्नपत्रिका. बिल ९०० रुपये. कोरी कार्डं ५१०. शाई आणि मजुरी १५५. हातात २३५. वेळ साडेअकरा तास, गिऱ्हाईक सहा वेळा. दुसरं, एका पतसंस्थेचा वार्षिक अहवाल, ५०० प्रती. सगळा खर्च जाऊन हातात १,१५०. वेळ २६ तास, गिऱ्हाईक तीन वेळा. भागाकार तूच कर. पत्रिका तासाला वीस रुपये देत होती, अहवाल चव्वेचाळीस. आणि आम्ही स्वतःला पत्रिकांचा छापखाना म्हणवून घेत होतो.

आमच्या भागात सहकारी संस्था किती, हे तुला सांगायला नको. दूध संस्था, विकास सोसायट्या, पतसंस्था, नोकरदारांच्या संस्था. प्रत्येकीला वर्षातून एकदा वार्षिक सभा घ्यावी लागते. आता ती ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, आणि सभासदाच्या हातात त्याआधी नोटीस आणि अहवाल पडावा लागतो. त्यामुळं ते काम ठरलेल्या दिवसांत येतं आणि दर वर्षी येतं. लग्न एका घरात दहा वर्षांनी होतं, ताळेबंद दर मार्चला होतो. हे शहाणपण माझ्या डोक्यातून आलेलं नाही. दोन वर्षांची पानं एकापुढं एक ठेवली तेव्हा दिसलं.

आणि दिसूनही मी सहा वर्षं पत्रिका बंद केल्या नाहीत. हे लिहिताना आजही जड जातं. अण्णांचं सगळं नाव पत्रिकांवर होतं. 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' ही ओळ त्यांनी स्वतःच्या हातानं हजारो वेळा जुळवली होती, आणि बाजारात कुणी भेटलं की "तुमच्या आजोबांची पत्रिका आम्हीच छापली" असं सांगायचे. त्यांच्यापुढं वही कशी ठेवायची? नाही ठेवली. ते १९९९ साली गेले आणि त्या वर्षी तुळशीच्या लग्नानंतर मी पत्रिका घेणं बंद केलं. सहा लग्नसराया! सहा वर्षं एप्रिल-मे महिन्यांत आम्ही मामा-मावश्यांच्या नावांचे क्रम लावत बसलो आणि जुलैत अहवालांची कामं आली की माणसं थकलेली. मला पश्चात्ताप पैशांचा नाही. अण्णांना एकदा समोर बसवून ती दोन पानं दाखवायला हवी होती, याचा आहे. चाळीस वर्षं धंदा केलेला माणूस होता तो. त्यांना आकडे कळले नसते असं मी का धरून चाललो?

तुला हे सांगतोय ते तुझ्या आईसाठी. कर्ज काढून फ्लेक्सचं मशीन घ्यायचा विचार तू तिला अजून सांगितला नाहीस, असं म्हणालीस. सांग. पण हातात वही घेऊन सांग.

आता त्या मशीनचं. फ्लेक्सचं मशीन घरात आलं की दुसऱ्याकडे छापायला पाठवावं लागणार नाही, हा तुझा हिशेब. मुद्रा कर्जात 'किशोर' गटात पाच लाखांपर्यंत मिळतं, म्हणून साडेचार लाख मागायचे, हा दुसरा हिशेब. मी गाडीत बसून तिसरा केला. ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी साडेचार लाख घेतले तर महिन्याचा हप्ता ९,७८४ रुपये. महिन्याला पंचवीस दिवस दुकान चालतं असं धर, म्हणजे शटर वर करायच्या आधी रोज जवळजवळ चारशे रुपये देणं. वीजबिल वेगळं, शाई वेगळी, मशीन बसेल एवढ्या जागेचं भाडं वेगळं. तुझ्याकडे महिन्याला किती चौरस फूट फ्लेक्सचं काम येतं? मी विचारलं तर म्हणालीस, "येतं की, चांगलं येतं." चांगलं म्हणजे किती, बाळा? तीस पानं भर आणि मग मला आकडा सांग. आकडा मशीनच्या बाजूनं निघाला तर मी स्वतः तुझ्याबरोबर बँकेत येईन, जामीन राहावं लागलं तरी राहीन. पण शंका आली म्हणून मशीन घ्यायचं, हे मी बघितलेलं आहे. गोंधळलेला माणूस नवीन वस्तू घेतो, कारण वस्तू आल्यावर चार महिने प्रश्नच पडत नाहीत. हप्ते पाचव्या महिन्यातही असतात.

तुझ्या फोनमध्ये दुसऱ्यांची दुकानं बघणंही बंद कर. पुण्या-मुंबईतला कुणी कार्डं या दरानं देतो, त्या दरानं देतो, हे वाचून तू आपले दर खाली आणलेस. त्याच्या वहीत काय आहे ते तुला माहीत नाही. तुझ्या वहीत काय आहे तेही तुला माहीत नाही. मग कशाची तुलना कशाशी करतेस?

चिडलो. पुढं लिहितो.

त्या दुपारी एक गोष्ट घडली आणि तुझ्या लक्षातही आली नाही. पावणेसहाच्या सुमारास दोन बायका आल्या. बचत गटाच्या. एकीच्या पिशवीत बेदाण्याची पाकिटं, दुसरीकडे चटणीची बरणी. मागच्या वर्षी तू करून दिलेलं लेबल संपलं होतं. बाजूच्या दुकानात स्वस्त होतं, पण "त्या ताईंकडंच करायचं" म्हणून त्या चालत आल्या होत्या. तू त्यांचा नवीन कागद हातात घेतलास, पेनाच्या टोकानं अन्न परवान्याचा नंबर मोजलास आणि म्हणालीस, "ताई, हे तेरा आकडे झाले. चौदा लागतात. एक कुठंतरी राहिलाय." त्यांनी मूळ कागद काढला, आणि खरंच मधला एक शून्य गळला होता. मग तू त्यांना सांगितलंस की वजन, किंमत, तयार केल्याचा महिना, पत्ता आणि तक्रारीचा नंबर लेबलवर असलाच पाहिजे, आणि शाकाहारी मालाची हिरव्या चौकटीतली हिरवी खूण कुठं घ्यायची तेही दाखवलंस. हे सगळं तुला पाठ होतं. त्या बायका घाबरलेल्या आल्या होत्या, हसत गेल्या.

आणि तू त्यांना दर लेबलमागं दोन रुपये सांगितलेस. डिझाइनचे? "ओळखीच्या आहेत काका."

मी स्टुलावरून उठणार होतो, पण त्या बायकांसमोर बोलणं बरं दिसलं नसतं.

पोरी, ते चौदा आकडे मोजणं हा तुझा धंदा आहे, असं मला वाटलं. तासगावच्या आसपास बेदाणा आहे, गूळ-काकवी करणारे आहेत, चटण्या-पापड करणारे गट आहेत. त्यांना सुंदर लेबल करून देणारे बरेच असतील. अन्न परवान्याचा नंबर चुकला तर माल परत येतो, हे सांगणारा कुणी आहे का? पण थांब. हे मी सांगतो म्हणून उद्यापासून बाकी सगळं बंद करू नकोस. मी पावणेदोन तास बघितलं, एवढ्यावर कुणाचा धंदा ठरत नाही. लेबलच्या प्रत्येक कामाला पान दे. मगच्या कामालाही दे. फॉर्म भरण्यालाही दे. कदाचित झेरॉक्स तुझं भाडं काढत असेल आणि मी त्याला फालतू समजत असेन. वही मला खोटं ठरवू दे, मला आनंदच होईल.

एकाच कामाला धरून राहणाऱ्यांबद्दल आपल्या छपाईवाल्यांत एक नाव अजून आदरानं घेतात, मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या जावजी दादाजींचं. लहानपणी मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप, म्हणजे छपाईचे खिळे, घासायच्या कामाला लागलेला मुलगा. त्यांनी आधी छापखाना काढला नाही. १८६४ साली टाइप पाडायचा कारखाना काढला आणि छापखाना त्यानंतर, १८६९ साली. अक्षर आपल्या हातात आलं तेव्हा पुस्तकाला हात घातला. पुढं निर्णयसागरचं संस्कृत आणि मराठी काम देशभर गेलं ते त्या अक्षराच्या जोरावर. ते जे काम सगळ्यात आधी शिकले होते, त्यावरच त्यांनी उभं केलं. तुला आकडे मोजायची सवय कुठून लागली, ते मला माहीत आहे. आणि आता त्यावर बोलल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही.

तुझे बाबा माझ्याकडे मशीनमन होते, ट्रेडलवर, म्हणजे खिळ्यांनी छापायच्या जुन्या मशीनवर. पण अहवालाचं प्रूफ आलं की ते स्वतःहून टेबलाशी यायचे. मी मोठ्यानं आकडे वाचायचो, ते मूळ कागदावर बोट ठेवून चालायचे. ठेवी, कर्जे, गुंतवणूक, राखीव निधी. चुकलं की बोट थांबायचं. तोंडानं काही म्हणायचे नाहीत. बोट थांबलं की मी थांबायचो. ते त्यांचं काम नव्हतं आणि त्याचा पगारही मी त्यांना देत नव्हतो.

२००४ साली मी मिनी ऑफसेट हे नवं छपाईचं मशीन घेतलं. संगणकावर श्रीलिपी या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर बसवायचा आणि त्याची छपाईची प्लेट करायची. ट्रेडलचं काम पानापानावर कमी होत चाललेलं होतं, वहीत स्वच्छ दिसत होतं. ट्रेडल चालवून महिन्याला जे मिळत होतं, त्यात दोन माणसांचे पगारही निघत नव्हते. मी तिघांना कमी केलं. त्यांत तुझे बाबा. तीन महिन्यांचा पगार दिला आणि झेरॉक्सचं जुनं मशीन मिळवून द्यायला मदत केली. तुझं दुकान त्याच मशीनवर सुरू झालं, हे तुला घरात सांगितलेलं असेल. नसेल तर मी सांगतो.

त्या निर्णयाबद्दल मला अनेकांनी बोल लावला. मी आजही म्हणतो, वहीनं सांगितलं तेच मी केलं. तिघांना ठेवलं असतं तर दोन वर्षांत छापखाना गेला असता आणि नऊ जण रस्त्यावर आले असते. हे खरं आहे. मी हे स्वतःलाच पुन्हा पुन्हा सांगत असतो, आज तुला सांगतोय. पण दुसरंही खरं आहे ते ऐक. २००७ च्या ऑगस्टमध्ये एका पतसंस्थेचा अहवाल केला, १,४०० प्रती. ठेवींच्या तक्त्यात एक शून्य जास्त पडला. तीन कोटी ब्याऐंशी लाखांचे अडतीस कोटी वीस लाख झाले. बुधवारी रात्री गठ्ठे पोचवले आणि साडेनऊला अध्यक्षांचा फोन आला. रविवारी सभा. दोन रात्री जागून सगळा अहवाल पुन्हा छापला, माझ्या पैशानं. त्या पानावर 'हातात' या शब्दापुढं मी उणे २३,००० लिहिलं. लिहिताना हात थरथरत होता.

त्या रात्री मला जे वाटलं, तेच तुला गुरुवारी वाटत होतं. आपल्याला हे जमत नाही. आपण पत्रिकाच छापायला हव्या होत्या. मग सकाळी वह्या काढल्या आणि मोजले. तोपर्यंत एकसष्ट अहवाल केले होते. चूक एक. एकसष्टात एक चूक करणाऱ्या माणसानं ते काम सोडायचं नसतं. वहीनं मला तिथं धरून ठेवलं. पण वहीत एक रकाना मी कधी आखलाच नव्हता. त्या एकसष्टपैकी २००४ च्या आधीच्या सगळ्यांवर तुझ्या बाबांचं बोट फिरलेलं होतं. ते बोट किती रुपयांचं होतं, हे मी कुठल्याच पानावर लिहिलं नव्हतं, म्हणून कमी करताना ते दिसलं नाही. त्यानंतर मी नियम केला. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं बोट ठेवायचं, आणि त्याला वेळ लावायचा, आणि तो वेळ पानावर लिहायचा. तुझ्या बाबांना मी हे सांगायला तासगावला दोनदा आलो होतो. दोन्ही वेळा चहा घेऊन परत गेलो. तिसरी वेळ आलीच नाही.

म्हणून तुला म्हणतो, पान आखताना नीट आख. फुकट केलेलंही लिही. चौदा आकडे मोजायला लागलेली पाच मिनिटं लिही. सातव्यांदा बदललेला मामा लिही. जे लिहिलं जात नाही, ते एक दिवस आपल्याच हातानं फेकलं जातं.

२०१९ चं थोडक्यात सांगतो, कारण तू तेव्हा कॉलेजात होतीस आणि पूर तुला टीव्हीवर दिसला असेल. आम्ही सांगलीकरांनी २००५ च्या पुराच्या खुणा भिंतीवर जपून ठेवल्या होत्या. त्या खुणेच्या हातभर वर सगळा कागद लावला आणि निश्चिंत झालो. धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं. खुणा पाण्याखाली. ऑगस्ट महिना, अहवालांचा ऐन हंगाम. पाणी चढायला लागलं तेव्हा मी आधी वह्या वर नेल्या. मुलगा ओरडत होता, "बाबा, संगणक, संगणक!" त्याचंही बरोबर होतं. संगणक नंतर नेला, ऑफसेट जागेवरच राहिलं. पाणी उतरल्यावर खाली आलो तर कागदाचे रिम फुगून वेष्टनं फाटली होती आणि एकमेकांत असे घट्ट बसले होते की पहारीनं काढावे लागले. चिखलाचा आणि ओल्या कागदाचा तो वास अजून नाकात आहे.

मुलगा म्हणाला, आता बस्स. माझं वय बासष्ट. सगळ्यांनाच वाटत होतं, बंद करतील. वरच्या खोलीत वीज नव्हती. मेणबत्ती लावून मी अठ्ठावीस वर्षांच्या वह्या काढल्या आणि एकच प्रश्न विचारला, यातलं कुठलं काम मला मशीन नसतानाही करता येईल? उत्तर होतं, अहवालाचा मजकूर, तक्ते आणि प्रूफ. छपाई दुसरीकडून करून घेता येईल, आकडे तपासणारा माणूस सहज मिळत नाही. बिलबुकं, हँडबिलं, लेटरहेड सगळं त्या रात्री सोडून दिलं. मिरजेच्या एका छापखान्यात प्लेटा नेऊन छापून घेतलं आणि त्या हंगामात अकरा अहवाल पोचवले. आज माझ्याकडे मशीन नाही. दोन संगणक, एक मोठं टेबल, आणि बोट ठेवणारी दोन मुलं आहेत. मुलाला हे अजून पटलेलं नाही, तो पुण्यात नोकरी करतो. त्याला वाटतं, मी हट्टानं धंदा लहान करून टाकला. लहान केला, खरं आहे. पण प्रत्येक वर्षाचं उत्तर माझ्याकडे लिहिलेलं आहे.

उधारीबद्दल तू काही बोलली नाहीस, पण तुझ्या काउंटरखालच्या खिळ्याला टोचलेल्या चिठ्ठ्या मी बघितल्या. सरकारच्या साइटवर छोट्या धंद्यांची उद्यम नोंदणी फुकट होते, ती करून टाक. तू स्वतः बनवून दिलेल्या मालाचे, लेबलांचे पैसे कंपनीनं जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यायचे, असा कायदा २००६ पासून आहे, आणि उशीर झाला तर व्याज मागता येतं. बचत गटाच्या बायकांशी कायद्यानं बोलायचं नसतं, त्यांच्याशी अर्धे पैसे आधी असं बोलायचं. पण त्या बेदाण्याच्या कंपनीचे आठ महिने झालेत ना? चिठ्ठी खिळ्यावरून काढ आणि त्या कामाच्या पानावर 'पैसे कधी आले' पुढं रिकामी जागा ठेव. रोज ती जागा दिसली की तू आपोआप फोन करशील.

तर असं कर. उद्या दोनशे पानी वही आण. आखीव घे, त्यात रकाने सरळ येतात. तीस दिवस, दुकान बंद करायच्या आधी. बँकेच्या कागदावर तोपर्यंत सही करायची नाही. पत्रिकेचं प्रूफ दोनदाच बदलून मिळेल, तिसऱ्यांदा पन्नास रुपये, असं आजच एका कागदावर छापून काउंटरवर लाव. बाकी काही बदलू नकोस. तीस दिवसांनंतरच्या रविवारी सांगलीला ये, आईलाही घेऊन ये. जेवायलाच या. दुपारी आपण टेबलाशी बसू. मी पानं मोठ्यानं वाचीन, तू बोट ठेव.

तुझा,
काका